बिनदोऱ्याचं मशीन

१४ सप्टेंबर, बायकांचा वॉर्ड, खाट नऊ

धाकटे,

'प्रिय' लिहिलं असतं तर तू तिथेच पत्र बाजूला ठेवलं असतंस, म्हणून नुसतंच धाकटे. सहा वर्षांत फोन उचलला नाहीस, निदान हे फाडण्याआधी वाच. पत्ता काजवाल्या मावशींनी दिला, त्यांच्यावर चिडू नकोस. तुझा पत्ता त्यांच्याकडे आहे हे मला परवा कळलं. आपल्याकडे रोज काज-बटणं करायला येणारी बाई सहा वर्षं तोंड शिवून बसू शकते, याचंच मला जास्त नवल वाटलं.

आधी सांगते, बाबा ठीक आहेत. म्हणजे होते तसेच आहेत. उजवी बाजू लुळी, जेवणाची तक्रार नाही. डाव्या हाताच्या बोटात अजून अंगुस्तान घालतात, जणू सुई टोचणार आहे, आणि काही हवं असलं की खाटेच्या लोखंडी दांड्यावर टकटक करतात. त्यांच्यावरचा तुझा राग तुझ्यापाशी राहू दे, मी त्यात पडत नाही.

आजारी मी आहे. दोन वर्षांपासून माझी थायरॉइडची ग्रंथी जरुरीपेक्षा जास्त काम करते आहे. छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, खा खा खाऊनही वजन उतरतं. डोळेही थोडे बाहेर आलेत, त्यामुळे मी सगळ्यांकडे रागाने बघते असं लोकांना वाटतं. तशीही बघतच होते म्हणा. त्यावर गोळ्या चालू होत्या. त्या मध्यंतरी संपल्या, आणायचं राहून गेलं, आणि आठ तारखेला ताप चढून मी दुकानात पडले. मावशींनी इथे आणलं. पाच दिवस वरच्या काचेच्या खोलीत होते, काल खाली वॉर्डात आणलं. एवढंच.

आता कामाचं. डॉक्टर म्हणतात, ग्रंथी काढून टाकायची. त्याआधी आठ आठवडे रोज गोळ्या घेऊन शरीर शांत करायचं, मग सहा नोव्हेंबरला ऑपरेशन. त्यानंतर पंधरा दिवस मला वजन उचलता येणार नाही. बाबांना दिवसातून चार वेळा उचलून बसवावं लागतं, कुशीवर वळवावं लागतं. सध्या मावशी आपल्याकडे राहतायत, पण त्यांची कंबर म्हणजे आधीच रफू केलेली. तेव्हा तू ये. फक्त पंधरा दिवस. कारखान्यात नमुने कापणाऱ्यांना रजा मिळत असेलच.

महिनाअखेरीपर्यंत कळव, म्हणजे तारीख पक्की करता येईल. ही तारीख गेली तर पुढची कधी ते सांगत नाहीत, आणि पुन्हा असं झालं तर तुम्ही वाचालच असं नाही, असं मोठ्या डॉक्टरीणबाई तोंडावर म्हणाल्या. त्यांना गोड बोलायची सवय नाही. मला आवडल्या.

ताई

१८ सप्टेंबर, तिथेच

धाकटे,

चार दिवसांत उत्तर यायचं नाही हे मला कळतं. पण इथे दुसरं करणार काय? सुई नाही, कात्री नाही. डाव्या हातात सलाईन, छातीला तारा चिकटवलेल्या. संडासला जायचं तर सांगून जायचं, कडी लावायची नाही, बाहेर आया उभी. खिडकीला जाळी आहे आणि जाळीपलीकडे भिंत. छताला चौकोनी तक्ते आहेत, आडवे चौदा, उभे नऊ. त्यातला एक उलटा बसवलाय, त्याची नक्षी जुळत नाही. चार दिवस मी त्या एका तक्त्याकडे बघून चिडते आहे.

दर दोन तासांनी कुणीतरी येऊन नाडी धरतं. घरी बाबांची टकटक, इथे माझ्या उशाशी यंत्राची टकटक. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

त्या दिवशीची सकाळ मला आठवते. दुपार आठवत नाही, ती मावशींकडून ऐकलेली सांगते. त्या अकराला आल्या तेव्हा मी मशीनवर होते. कपडे घामाने चिंब, तोंड लाल, आणि स्वतःशीच बोलत होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, ताप आहे तुला." मी म्हटलं, "इस्त्रीची धग आहे, तुम्ही काजं करा." त्यांना पटलं. आपल्या दुकानात कोळशाच्या इस्त्रीपासून आजच्या वाफेच्या इस्त्रीपर्यंत कुणाचं अंग कधी गार असतं का? मग मला उलट्या सुरू झाल्या, पोट बिघडलं, आणि तशातच मी उठून आतल्या बाजूला चालायला लागले. मागच्या खोलीच्या दाराशी पडले.

इथे अपघात विभागात आणलं तेव्हा ताप एकशे पाच, नाडी एकशे सत्तर आणि तीही वेडीवाकडी. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आधी वाटलं, ऊन लागलंय किंवा पोटातून काहीतरी गेलंय. कारण मी घातली होती उंच कॉलर. गळ्याची सूज दिसू नये म्हणून दोन वर्षं मी माझ्या सगळ्या शर्टांना उंच कॉलर शिवते. आत दुहेरी कॅनव्हास, वर दोन बटणं, चांगली कडक. बटणं मीच निवडली, काजं मावशींनी केली. इतक्या फिटिंगची कॉलर की डॉक्टरलासुद्धा ती उघडाविशी वाटली नाही. शेवटी मावशीच म्हणाल्या, "अहो, तिला श्वास तरी घेऊ द्या," आणि त्यांनी स्वतः बटणं काढली. तेव्हा गळा दिसला, मग डोळे नीट बघितले, आणि मग धावपळ झाली. डॉक्टरांच्या भाषेत याला थायरॉइडचं वादळच म्हणतात.

काखेत, जांघेत बर्फ. अंगावर ओली चादर, वर पंखा. काळीज हळू चालावं म्हणून शिरेतून इंजेक्शन, दुसरं एक स्टेरॉइडचं. गोळ्या कुटून नाकातल्या नळीतून पोटात. आणि त्यानंतर आयोडिनचे थेंब द्यायचे होते, पण ते लगेच चालत नाहीत. मावशींना हे काही केल्या पटेना. बाटली सिस्टरच्या हातात, मी खाटेवर तडफडते आहे, आणि सिस्टर म्हणतेय थांबा.

"औषध आहे ना? मग द्या की!"

"मावशी, तास होऊ दे. आधी गोळीने ग्रंथीचं नवीन बनवणं थांबवायचं. मग हे दिलं की बनलेलं बाहेर पडत नाही. आधीच दिलं तर हाच तिचा कच्चा माल होतो."

मावशींना घड्याळाकडे बघून बसता येत नाही. त्यांच्या पिशवीत गणवेशाच्या सदऱ्याच्या बाह्या होत्या. हाताने एक काज करायला त्यांना पंधरा मिनिटं लागतात, तुला माहीतच आहे. त्या दाराबाहेर बाकावर बसल्या आणि चार काजं केली. चौथ्याची गाठ मारून मान वर केली तेव्हा सिस्टर थेंब मोजत होती. ते सदरे मी अजून पाहिले नाहीत. ती चार काजं वाकडी असणार.

मी तारा उपटत होते म्हणून दोन दिवस माझे हात खाटेला बांधून ठेवले. कापडाच्या पट्ट्यांनी, आत कापूस घालून. काही तरी बडबडत होते म्हणे. तापात माणूस काहीही बोलतं.

उत्तर लवकर दे.

ताई

२७ सप्टेंबर, तिथेच

धाकटे,

तुझं कार्ड काल मिळालं. "ताई, गोळ्या संपल्या हे खोटं आहे. तुझी बॉबिन कधी संपलेली मी पाहिली नाही. खरं लिही, मग येण्याचं बघते." तीन वाक्यं, खाली सहीसुद्धा नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं तुला म्हणणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की पीळ दोघींचा एकच आहे.

मरता मरता वाचलेल्या बहिणीची उलटतपासणी घेतेस होय गं? मावशींना कार्ड वाचून दाखवलं, तर त्या बाई उठल्या. नुसती माझी उशी सारखी केली. त्यांचं न बोलणं मला आता ओळखता येतं.

ठीक. गोळ्या संपल्या नव्हत्या. बॉबिनच्या डब्यात होत्या, खालच्या कप्प्यात, अजूनही असतील. मी त्या बंद केल्या.

कारण ऐक. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा चार महिन्यांत मी माणसासारखी झोपायला लागले. वजन भरलं, हात थरथरायचे थांबले. पण हात मंद झाला. दिवसाला सहा गणवेश, त्यावर सातवा नाही. दुपारी मशीनवर डुलकी लागायची. गोळ्यांच्या आधी मी दिवसाला अकरा शिवत होते. शाळेच्या बाई गिऱ्हाइकांना सांगायच्या, ताईंचा हात बघा, डोळ्यांना दिसत नाही. मीसुद्धा ते ऐकून फुगत होते. आजारी माणूस म्हणजे ज्याचा हात थांबला तो, बाबांसारखा. ज्याचा हात पळतोय तो आजारी कसा, असंच मला वाटायचं. सुईत दोरा ओवता येत नव्हता, ती गोष्ट वेगळी. सकाळी आल्या आल्या मावशी पाच-सहा सुया ओवून गादीत खोचून ठेवायच्या. मशीनची सुईही त्याच ओवायच्या. मी म्हणायचे, चष्म्याचा नंबर बदललाय.

ऑगस्टमध्ये शाळेचं मोठं काम आलं. एकशे साठ गणवेश, अठ्ठावीस तारखेच्या आत. नाही म्हणायला हवं होतं, म्हटलं नाही. गोळ्या थांबवल्या. आठवड्याभरात हात पळायला लागला. काय सांगू, इतका आनंद झाला! शिवलेल्या ढिगाकडे बघून मी एकटीच हसत होते. बाबा नेहमी सांगायचे की मशीन सुरळीत चालतंय म्हणून तेल घालायचं राहू देऊ नका. तू त्यांचं ऐकायचीस. मला मशीन थांबवायचा राग यायचा.

हे आहे खरं. झालं समाधान? आता येण्याचं बघ. महिना संपत आला.

ताई

२८ सप्टेंबर, दुपार

धाकटे,

काल पत्र पेटीत टाकायला दिलं आणि वाटलं, सुटले. आज दुपारच्या सिस्टर नाडी बघायला आल्या. ब्याऐंशी. खूश झाल्या. म्हणाल्या, "वरच्या खोलीत मीच होते तुमच्याजवळ. तुमच्या ताई आल्या का भेटायला?"

मी म्हटलं, "ताई मीच. घरात मीच मोठी."

"मग तुम्ही हाका कुणाला मारत होता? दोन दिवस एकच चाललं होतं. ताई, कडी काढ. ताई, मी नाही जात कुठे, पण कडी काढ."

त्या गेल्यावर मी तोंडावर चादर ओढून घेतली. वॉर्डात रडायलाही आडोसा नाही.

धाकटे, ते शब्द तुझे आहेत. मी कडीच्या बाहेर होते, आत तू होतीस. त्या दिवशी सकाळी तू ब्रश-साबण घ्यायला मागच्या खोलीत गेलीस, बॅग दाराशी भरून ठेवली होतीस, आणि मी बाहेरून कडी घातली. कारखान्यात हजर व्हायची तुझी तारीख टळली की तू आपोआप राहशील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आठ महिने झाले होते बाबांना झटका येऊन. तू गेलीस की त्यांना मी एकटी उचलणार, मी एकटी शिवणार, आणि तू तिथे मोठमोठ्या टेबलांवर नमुने कापणार! मला ते सहन झालं नाही. एक दिवस, एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार. आधी तू दार ठोठावलंस, मग शिव्या दिल्यास, मग विनवण्या केल्यास. पहिल्या दिवशी मावशींना सुट्टी होती; दुसऱ्या दिवशी त्यांनी काजांचे कपडे ठेवायला आत जायचं म्हणून कडी काढली, आणि तू त्यांच्या अंगावरून बाहेर पडलीस.

मी हे गेल्या सहा वर्षांत कुणाजवळ बोलले नाही. स्वतःजवळसुद्धा, "धाकटी भांडून गेली," असंच म्हणत आले. मला बांधल्यावर तुझेच शब्द माझ्या तोंडून निघाले, हे आज ऐकलं तेव्हा मला कळलं. मी रडले कशासाठी विचारशील, तर लाजेने.

आणि कालच्या पत्रात एक शिवण मी मुद्दाम उसवलेली ठेवली. तू तारखा जुळवशील, तुझ्या नजरेतून अर्धा इंचही सुटत नाही, म्हणून आधीच सांगते. गणवेश अठ्ठावीस ऑगस्टला पोचवले. मी पडले आठ सप्टेंबरला. मधले अकरा दिवस घाईचं काम नव्हतं, किरकोळ सदरे तेवढे. घसा दुखत होता, कणकण होती, गोळ्या हाताच्या अंतरावर होत्या. मी डबा उघडायची, बॉबिन घ्यायची आणि डबा बंद करायची.

डॉक्टरीणबाईंनी वर्षापूर्वीच बजावलं होतं की गोळ्या सोडल्यात तर एक दिवस तुम्हाला उचलून आणावं लागेल. तेव्हा घाबरायच्या ऐवजी माझ्या मनात आलं, मग कुणाला तरी कळवावं लागेल. घरात दुसरं आहे कोण? तुलाच. आणि आजारी बहिणीला नाही म्हणायला तू काही दगड नाहीस. मला मरायचं नव्हतं गं. नुसतं पडायचं होतं. चार दिवस कुणीतरी मला उचलावं असं वाटत होतं, आणि तुला परत आणावं असंही. दोन्ही खरं आहे. पहिलं लिहायला सोपं जातं.

म्हणजे बघ, मी तुझ्यावर दुसऱ्यांदा कडी घालत होते. या वेळी तुला पत्ता लागू न देता.

पंधरा दिवस ये असं मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं, ते मागे घेते. बाबांची सोय मी बघते. तारीख पक्की करायला सांगितली आहे.

ताई

२१ ऑक्टोबर, घर

धाकटे,

घरी येऊन दोन आठवडे झाले. मावशी सकाळ-दुपार-संध्याकाळ गोळी तळहातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत हलत नाहीत. तोंड उघडून दाखवायला लावतात. कालच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी मला हात पुढे करायला सांगून बोटांवर एक कोरा कागद ठेवला. मागे असाच ठेवला होता तेव्हा तो फडफडत खाली पडला होता. या वेळी राहिला. मी तो कागद घरी घेऊन आले, त्यावरच हे लिहिते आहे.

दिवसाला पाच गणवेश. सहावा नाही. सुई मात्र मीच ओवते.

बाबांचं सांगते. इस्पितळातच अंथरुणाला खिळलेल्यांचा एक वॉर्ड आहे. घरच्यांचं ऑपरेशन असलं की तिथे तीन आठवडे ठेवून घेतात, उचलायला दोन धट्टीकट्टी माणसं आहेत. हे मला आता कळलेलं नाही. त्याच्या माहितीपत्रकाची घडी दोन वर्षं माझ्या खडूच्या खोक्यात होती. बाबांना परक्यांच्या हाती द्यायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते आणि लोक वाहवा करत होते. खरं म्हणजे मला भीती वाटायची, की बाबांना दुसऱ्या कुणी नीट उचललं तर मग माझं काय? मी अडकले आहे, मी अडकले आहे असं दिवसभर म्हणायचं, आणि दाराला आतून पाठ लावून बसायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तीन तारखेला त्यांना न्यायला येतील.

आता जे लिहिणार आहे ते सोडून बाकी सगळं लिहून झालं. तीनदा कागद बाजूला ठेवला.

तू त्या दिवशी बाहेर पडलीस तेव्हा बाबांच्या खाटेपाशी क्षणभर थांबलीस. "ऐकत होतात ना सगळं? एक शब्द तरी काढलात?" असं म्हणालीस आणि गेलीस. झटक्यानंतर आठ महिने त्यांच्या तोंडून शब्द नव्हता हे तुला माहीत होतं, पण रागात माणूस तेवढं कुठे बघतं? मी तिथेच उभी होते. गप्प राहिले.

धाकटे, त्यांनी शब्द काढला होता.

तू पहिल्यांदा दार ठोठावलंस तेव्हापासून त्यांनी अंगुस्तानाने दांड्यावर टकटक सुरू केली. थांबेनात. डाव्या अंगावर जोर देऊन उठायला बघत होते, दोनदा खाटेच्या कडेपर्यंत आले, दोनदा मी त्यांना परत आत सरकवलं. आणि दुपारी एकदम, स्वच्छ, म्हणाले, "उघड." आठ महिन्यांनंतरचा पहिला शब्द. परत म्हणाले, "उघड." दिवसभर तेच.

तुला ते ऐकू जाऊ नये म्हणून मी मशीन चालवलं. आतून तुला दोन दिवस मशीनचा आवाज येत होता ना? तू मनात म्हणाली असशील, ही बया मला कोंडून खुशाल शिवते आहे. मी काही शिवत नव्हते. सुईत दोरा नव्हता, खाली कापड नव्हतं. रिकाम्या मशीनवर पाय मारत होते. नंतर पट्टा तुटला, तो मी सुतळीने बांधला आणि पुन्हा सुरू केलं.

तू विचारलंस तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. तोवर तू पाठ फिरवली होतीस.

डॉक्टरांना मी सांगितलं की त्यांचा पहिला शब्द 'पाणी' होता. आज त्यांना तीन शब्द येतात, पाणी, नको आणि उघड. रोज दुपारी चारच्या सुमाराला टकटक करतात आणि म्हणतात, उघड. मी खिडकी उघडते. सहा वर्षं खिडकी उघडते आहे. त्यांचा हात मागच्या खोलीकडे असतो, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

तुझा बाप गप्प बसला नव्हता. एवढं तुझ्याजवळ पोचायला सहा वर्षं लागली, ती माझ्यामुळे.

ताई

५ नोव्हेंबर, बायकांचा वॉर्ड, खाट चार

धाकटे,

उद्या सकाळी आठला नेणार आहेत. नाडी बहात्तर. दहा दिवसांपासून पुन्हा तेच आयोडिनचे थेंब देतायत, पाण्यातून, तोंड वेडंवाकडं होतं. गोळी आधी, थेंब नंतर, सिस्टर क्रम चुकू देत नाहीत आणि आता मीही चुकू देत नाही. भीती वाटते. आवाजाची नस ग्रंथीला खेटून असते, क्वचित धक्का लागतो, आवाज बसतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बसला थोडा तर बिघडणार नाही." मी हसले, मग त्याच रडायला लागल्या.

तुझं उत्तर आलं नाही. वाट बघत नव्हते असं लिहिलं तर पुन्हा खोटं होईल. रोज बघितली.

परवा, बाबांना न्यायच्या आधी, मी सुताराला बोलावलं आणि मागच्या खोलीची कडी काढायला लावली. गंजून लाकडात रुतली होती. काढली तर चार भोकं राहिली. "बुजवून देऊ का?" विचारलं, मी नको म्हटलं. दार भिंतीला टेकवून पूर्ण उघडं ठेवलं. त्यांच्या खाटेवरून आतली खिडकी दिसते, तुझं कापायचं टेबल दिसतं, टेबलावर सहा वर्षांची धूळ.

बाबा बराच वेळ बघत राहिले. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं, "बाबा, ती आत नाही. ती केव्हाच गेली, कारखान्यात काम करते. मीच कोंडलं होतं तिला. तुम्ही म्हणालात ते मी तिला कळवलं."

चार वाजले. टकटक झाली नाही. त्यांनी बोट तोंडात धरून दातांनी अंगुस्तान ओढून काढलं आणि माझ्या ओंजळीत टाकलं. त्या बोटाला पांढरा वळ आहे, कातडी बाळासारखी मऊ. मग भिंतीकडे तोंड करून झोपले.

ते माझ्यासाठी नाही, इतकं मला कळतं. आधी लिहिणार होते की जपून ठेवलंय, तुला हवं असेल तर येऊन घे. लिहिलंही होतं, वर खोडलेली ओळ दिसेल. मग लक्षात आलं की ही तिसरी कडी झाली.

म्हणून सोबत पाठवते आहे, कापसात गुंडाळून. तुझ्या बोटाला सैल होईल. आतून कापडाची एक बारीक पट्टी लाव.

ताई